गिटारमागची झिणझिण

"परत लाव," अभिनंदन म्हणाला.

मी टेप मागे घेतली आणि परत लावली. ड्रम, बेस आणि त्यांच्या डोक्यावर इम्तियाजची गिटार, पत्र्याच्या शेडवर खडीचा ट्रक ओतावा तशी. मध्येच एक लांब सूर होता. तो विझत आला की त्याच्या मागून काहीतरी झिणझिणत यायचं. बरणीत गांधीलमाशी अडकली की येतो तसा आवाज.

"हे," अभिनंदन म्हणाला. "हे काय आहे?"

"वायर असंल," इम्तियाज म्हणाला.

"वायर काल बदलली," मी म्हणाले.

"मग मशीन."

मशीनचं नाव निघालं की मी सावध व्हायचे. कारण मशीन म्हणजे मी.

मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाना कुरुंदवाडकरांचा स्टुडिओ होता. खाली छापखाना, वर आम्ही. भजनं, भारुडं, लग्नाची गाणी अशा कॅसेटी तिथे निघायच्या. मी सतराव्या वर्षी तिथे लेबलं चिकटवायला लागले आणि सहा वर्षं चोरून बघत मशीन शिकले. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. नानांना हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि खुर्ची देणं वेगळं.

खुर्ची मिळाली ती 'सुरुंग' या बँडमुळे. ही तीन मुलं मराठीतून हार्ड रॉक गायची. नानांनी त्यांचं एक गाणं ऐकलं आणि विचारलं, "ही गाणी आहेत का भांडणं?" असल्या गोंगाटात आठवडाभर बसायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून म्हणाले, "सुनंदे, तू बस. सोमवार ते रविवार. पुढच्या सोमवारी गणपतीच्या आरत्यांचं रेकॉर्डिंग आहे. रविवारी संध्याकाळी स्वच्छ टेप माझ्या हातात पडली, तर कॅसेटवर ध्वनिमुद्रण म्हणून तुझं नाव. आरत्यांनाही तूच. नाही पडली, तर लेबलं आहेतच."

सत्त्याण्णव सालचा जुलै होता तो. आणि त्या दिवशी गुरुवार होता.

आठ गाणी होती. रोज दोन, अशी गुरुवारी सगळी संपली होती. सोमवारची दोन आरशासारखी स्वच्छ. मंगळवारच्या गाण्यांत कान देऊन ऐकलं तर कळेल इतकी झिणझिण. बुधवारी कान न देताही ऐकू येईल इतकी. आणि गुरुवारी तर अख्खं पोळं.

"आणि सूर पण सरकलाय," अभिनंदन म्हणाला. तो ड्रम वाजवायचा आणि बँड आपला आहे असं समजून वागायचा. गुळाच्या पेढीवर वाढलेला होता, माल हातात घेऊन वास घेतल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. "वरच्या पट्टीत गिटार आणि बेस जुळत नाहीत. दोघांतला एक बेसूर आहे."

"मी नाही," बेस वाजवणारा जोएल म्हणाला.

"मी बी नाही," इम्तियाज म्हणाला. तो गिटार वाजवायचा आणि गायचाही. मांडीवरच्या गिटारकडे बघत त्यानं विचारलं, "जोएल, तू ही पुसलीस काय? हितं चकचकीत दिसालंय."

तारा जिथे टेकतात तिथले सहा लहानसे लोखंडी ठोकळे खरंच लखलखत होते.

"मी कशाला पुसू? तुझी गिटार, तू पूस."

त्या दिवशी चहा आला तेव्हा प्रत्येकानं आपापला कप घेऊन वेगवेगळी भिंत धरली.

मी बिघाड शोधायला बुधवारपासूनच लागले होते. मशीनची हेडं, म्हणजे टेप ज्यांच्यावरून घासत जाते ते तुकडे, स्पिरिटनं पुसली. गिटार तिसऱ्या ट्रॅकवरून पाचव्यावर नेली, तर झिणझिण मागोमाग पाचव्यावर आली. त्या वेळी वायर धरून उभा राहायला जोएल होता. तो नेहमीच असायचा. अंबाबाईच्या यात्रेतल्या ऑर्केस्ट्रातही बेस वाजवलेला, कमी बोलणारा, आणि मला 'ताई' न म्हणणारा एकटाच. मला त्याचं बरं वाटायचं, हे आता या वयात लिहायला हरकत नाही.

ड्रम स्वच्छ, बेस स्वच्छ, घाण फक्त गिटारला. म्हणजे मशीन नाही. म्हणजे माणूस.

माणूस म्हटल्यावर मी हिशेब मांडला. इम्तियाजचे वडील उस्मानचाचा सतारी बनवायचे. त्यांचं दुकान आमच्या मागच्या गल्लीत. इम्तियाजच्या घरी जागा नव्हती, म्हणून गिटार दुकानाच्या माळ्यावर असायची. इम्तियाज दोन वाजेपर्यंत औषधाच्या दुकानात कामाला. तिथून तो थेट स्टुडिओत यायचा आणि गिटार आणायचा जोएल. दुकानातून आमच्या जिन्यापर्यंत पाच मिनिटांची वाट होती. जोएलला वीस लागायची.

आणि जोएलच्या शर्टाच्या खिशात एक पत्र होतं. गोव्याच्या एका हॉटेलातल्या बँडचं. मी ते वाचलं नव्हतं. पाकीट बघितलं होतं आणि त्यावरचा शिक्का बघितला होता. संशय घ्यायला माणसाला फार वाचावं लागत नाही.

शुक्रवारी गाणी ऐकायला नाना आले. काचेच्या अलीकडे मी आणि नाना. पलीकडे तिघं, कानाला हेडफोन लावून. मी गुरुवारचं गाणं लावलं. नाना दोन मिनिटं ऐकत राहिले.

"हे विकायचं?"

"नाना, हे कोणीतरी मुद्दाम करतंय."

"कोण?"

"जोएल. गिटार तोच आणतो. वाटेत काहीतरी करतो तिला. त्याला गोव्याला जायचंय, आणि तोंडानं सांगायचं नाहीये. कॅसेट बिघडली की बँड आपोआप मोडतो."

नाना माझ्याकडे बघत नव्हते. काचेकडे बघत होते. मीही बघितलं. तिघंही आमच्याकडे बघत होते.

मशीनवर एक लाल बटण असतं. ते दाबलं की आतलं बोलणं पलीकडच्या हेडफोनांत जातं. "तयार? एक, दोन" असं सांगायला. सोडलं की बंद होतं. नानांनी ते जुनं बटण दोनदा दुरुस्त केलं होतं, तरी ते दाबल्यावर कधी कधी अडकून राहायचं. हे मला स्टुडिओतल्या कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. आणि गाणं लावताना ते मीच दाबलं होतं.

जोएलनं हेडफोन काढला. नीट खुंटीला लावला. दार उघडून आमच्या खोलीत आला आणि नानांना म्हणाला, "पत्र मला आलंय, बरोबर आहे. एक तारखेला या म्हणालेत. मी त्यांना कळवलंय की कॅसेट झाल्याशिवाय येत नाही. रविवारपर्यंत मी शब्द दिलाय, रविवारपर्यंत वाजवणार."

"आणि वीस मिनिटं?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण कोणा भांडखोर बाईचा वाटत होता.

"चाचा चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत," तो म्हणाला.

अभिनंदन मागून आला. "मग आम्हाला का नाही सांगितलंस पत्राचं?"

"सांगणार होतो. कॅसेट झाल्यावर."

"हे बघ, आता खरं काय ते..."

"खरं सांगून झालं."

इम्तियाज आत आलाच नाही. तो काचेपलीकडे स्टुलावर बसून राहिला, गिटारच्या तारांवर तळवा ठेवून. मित्रावर एवढा आळ आलेला असताना हा गप्प कसा, असं मला वाटलं खरं. पण मला वाटलं, त्यालाही जोएलचाच संशय आहे. आपल्याला जे हवं ते दुसऱ्याच्या गप्प राहण्यात दिसतं.

शनिवारी सकाळी मी चाचांच्या दुकानाकडे निघाले. पर्समध्ये शिवणाचा पांढरा दोरा होता. गिटारच्या पेटीच्या कडीला आतून बारीक गाठ मारून ठेवायची, आणि दुपारी जोएलनं पेटी आणल्यावर गाठ सुटलीय का बघायची, असा बेत. बेत मला फार हुशारीचा वाटत होता. चाचांना काय सांगायचं, तेही ठरवलं होतं.

दुकानात भोपळ्यांचे अर्धे कापलेले खोल वाडगे भिंतीला टांगलेले होते. लाखेचा आणि भुश्श्याचा वास. चाचा खाली चटईवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर लाल इलेक्ट्रिक गिटार आडवी होती.

त्यांच्या हातात कानस होती, माझ्या करंगळीएवढी. तारा सैल करून बाजूला घेतल्या होत्या. ते एका लोखंडी ठोकळ्यावर कानस दोनदा फिरवायचे, फुंकर मारायचे, तार चढवायचे, छेडायचे, आणि मग कान गिटारच्या लाकडावर टेकवून डोळे मिटायचे. तार ऐकायची ती अशी, निजलेल्या लेकराचा श्वास ऐकावा तशी. मग परत कानस.

मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"ये बेटी," ते डोळे न उघडता म्हणाले. "नानांकडची नव्हं तू? त्या भोपळ्याला टेकू नको, वला हाय."

"चाचा, हे काय करताय?"

"जवारी काढतोय."

जवारी मला ठाऊक होती. मिरजेत राहून कोणाला ठाऊक नाही? सतारीच्या घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा घासून घासून असा करायचा, की तार त्यावर टेकता टेकता निसटती राहते आणि सूर गुंजत राहतो. दोन-दोन दिवस लागतात. एकाचा हात दुसऱ्याला येत नाही. सतारीची जवारी काढतात, तंबोऱ्याची काढतात. हार्ड रॉक वाजवणाऱ्या गिटारची कोणी काढली असेल असं मला वाटत नाही.

"कधीपासून?"

"सोमवारी रात्री पोरगं हितं ठिवून गेलं. मंगळवारी सकाळी म्हटलं, बघावं तरी काय हाय ते. छेडली. तर काय, मुकी. ठण्ण म्हणती आन् गप्प बसती. आत एवढं चांगलं लाकूड, आन् आवाज बंद." त्यांनी तार परत छेडली. दुकानभर गांधीलमाशी फिरली. "रोज थोडी थोडी काढली. एकदम काढली तर बिघडती. आता बघ, कसा खुललाय. खुललाय का न्हाई? तू मशीनवर बसतीस, तुला कळतंय."

मी म्हणाले, "खुललाय."

"पोराला सांगू नको."

"का?"

"चार वरसं झाली, मी त्येच्याशी ह्या गिटारचा शब्द बोललो न्हाई. सतारी सोडून ह्येच्या मागं गेला. मीच म्हटलं हुतं, ह्या लाकडाला हात लावीन तर नावाचा न्हाई." ते कानस फडक्यानं पुसत होते. "आता कळलं तर म्हणंल, अब्बा हरले."

माझ्या पर्समध्ये दोरा होता. इथे बसून मी जर सांगितलं असतं की चाचा, तुमच्या या कारागिरीनं सहा गाणी मातीत गेली आणि एका पोरावर आळ आला, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तोंड उघडलंही होतं मी.

"चाचा, आवाज झकास आहे," मी म्हणाले. "पण आमच्या मशीनला एवढा खुला आवाज पेलत नाही. थोडा बंद करून मिळेल?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "म्हंजे मशीन कमजोर हाय."

"हो."

"किती बंद?"

"सोमवारी होता तेवढा."

"मग काढली कशाला म्हणायची?" ते पुटपुटले. पण गिऱ्हाइकाची मागणी म्हणजे मागणी, हे त्यांच्या बोटांत होतं. त्यांनी कानस बदलली आणि ठोकळ्यांचे माथे गोल करायला घेतले. मी दोन तास तिथे बसले. चहा दिल्याशिवाय त्यांनी मलाही सोडलं नाही.

दुपारी सगळे जमल्यावर मी नानांसमोर सांगितलं, "बिघाड सापडला. गिटारच्या ट्रॅकचं हेड मी सोमवारी साफ करताना हललं. रोज थोडं थोडं सरकत गेलं. माझी चूक. जोएलचा काही संबंध नाही. सहा गाणी परत घ्यावी लागतील, आज आणि उद्यात होतील."

अभिनंदन म्हणाला, "च्यायला." मग जोएलकडे वळून, "सॉरी रे." जोएलनं मान हलवली. कोणाला हलवली ते कळलं नाही.

नाना बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. "सहा वर्षांत तुझ्याकडून मशीनची अशी हयगय झाली नव्हती. आणि वर पोराचं नाव घेतलंस." पान तोंडात गेलं. "टेप तू पुरी कर. नावाचं बघू नंतर."

नानांचं 'नंतर' म्हणजे काय हे स्टुडिओतल्या पंख्यालासुद्धा माहीत होतं.

इम्तियाज मात्र माझ्याकडे टक लावून बघत होता. मग त्यानं पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली, तार छेडली. सूर ठण्ण वाजला आणि गप्प बसला. त्याचा चेहरा असा झाला, की कोणीतरी त्याला घराबाहेर काढून दार लावून घेतलंय.

दोन दिवस ते तिघं जीव ओतून वाजवत होते. जोएलचा बेस तर असा, की एकाही जागी परत घ्यावा लागला नाही. तो माझ्याकडे बघायचा फक्त लाल दिवा लागला का ते बघायला.

रविवारी दुपारी पाणी प्यायला मी जिन्यावर गेले, तर इम्तियाज पायरीवर बसला होता.

"अब्बांकडं गेलतीस."

मी कठड्याला टेकले.

"बंद केलीय जवारी. हात त्येंचाच हाय. सांगितलं कुणी, तर तूच."

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारी पहिला सूर लावला तवाच." तो आपल्या नखांकडे बघत होता. "सतारमेकराचं पोर हाय मी. जवारी मला कळणार न्हाई? आन् अब्बांची तर झोपेत ओळखीन. प्रत्येकाचा हात वेगळा असतोय."

"अरे मग बोलला का नाहीस? चार दिवस आम्ही..."

"बोललो असतो तर अब्बा थांबले असते."

खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं. पायरी हलत होती.

"रोज दुपारी पेटी उघडायची घाई व्हायची बघ मला," तो म्हणाला. "आज कुठं हात फिरवला आसंल, म्हणून. गाणं बिघडतंय हे दिसत हुतं. म्हटलं, अजून एक दिवस. मग जोएलचं झालं. मग तर तोंडच उघडंना."

"आता उघड. तो आज रात्रीच्या गाडीनं जातोय. जायच्या आधी त्याला सांग."

"सांगतो." मग त्यानं विचारलं, "काय म्हणाले अब्बा?"

"आवाज खुलला का, विचारत होते."

"मग तू?"

"खुललाय म्हणाले."

त्यानं तोंड शर्टाच्या बाहीत खुपसलं. मी पाणी न पिताच वर आले.

संध्याकाळी शेवटचं गाणं झालं. टेप नानांच्या हातात पडली, स्वच्छ. अभिनंदन ड्रम सोडायला लागला, इम्तियाज बेसची पेटी घेऊन खाली गेला. जोएल माझ्या खोलीत आपली वायर गुंडाळत उभा होता. कोपर आणि अंगठ्यात, एकावर एक, सारख्या वेढ्यांत.

"बुधवारी आपण गिटार पाचव्या ट्रॅकवर नेली होती," तो म्हणाला. "वायर मीच धरली होती."

"हो."

"आवाज पाचव्यावर पण आला. मग तिसऱ्याचं हेड कसं काय हललं?"

मी टेपच्या डब्यावर तारीख घालत होते. ती घालून झाली होती, तरी घालत राहिले.

"तू कोणाला तरी झाकतेयस," तो म्हणाला. रागानं नाही. हवामान सांगावं तसं. "स्वतःचं नाव घालवून झाकतेयस, म्हणजे माणूस तसाच असेल. असू दे. फक्त एक आहे, सुनंदा. माझ्या वेळी तू झाकलं नव्हतंस."

त्यानं वायरला गाठ मारली. बाहेरच्या खोलीत नानांना "येतो" म्हणाला आणि जिना उतरला.

मी खिडकीशी गेले. खाली इम्तियाज रिक्षाजवळ त्याची वाट बघत उभा होता. दोघांनी मिळून बेसची पेटी मागे बसवली. काहीतरी बोलले. जोएल एकदा हसलासुद्धा. मग इम्तियाजनं त्याला मिठी मारली, बराच वेळ, आणि मला वाटलं, आता सांगतोय.

रिक्षा सुरू झाली. इम्तियाजनं वर माझ्या खिडकीकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

रिक्षा कोपऱ्यावर एका बैलगाडीमागे अडकून थांबली होती. आमचा जिना बावीस पायऱ्यांचा. धावत गेले असते तर गाठली असती.

मी खिडकी लावून घेतली.